विनोद चोरला की जुळला? दोन विनोदांची पडताळणी कशी करायची

"अगं, तुझं ते जिमचं बिट काल एकाने मारलं. जवळपास जसंच्या तसं." रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला. (बिट म्हणजे स्टँडअपमध्ये मंचावर सादर केलेला विनोदाचा एक तुकडा.) खाली कुणीतरी प्रेक्षकांतून मोबाइलवर घेतलेला हलता व्हिडिओ होता. तो मी सात वेळा पाहिला. तोपर्यंत त्या कलाकाराचं नाव घेऊन एक लांबलचक पोस्टही लिहून झाली होती. ती मी टाकली नाही. त्याऐवजी पुढचे चार दिवस जे केलं, ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. विनोद लिहिणाऱ्या प्रत्येकावर अशी रात्र कधी ना कधी येते. कुणावर फिर्यादी म्हणून येते, कुणावर आरोपी म्हणून.

मी स्वतःसाठी लिहिते आणि इतर कलाकारांसाठीही लिहिते. या क्षेत्रात चोरी होते, आणि ती झाली की फार लागतं. एक पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा हसवणारा फटका, बसवायला कधी महिने जातात. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द शेवटी आणायचा, हे वीस वेळा पडून कळलेलं असतं. ते आयतं उचलणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही. आणि म्हणूनच 'चोर' हा शब्द मला स्वस्त करायचा नाही. तो खोटा ठरला, तर पुढच्या वेळी खऱ्या चोरीच्या वेळीही आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आधी एवढं मान्य करा: विनोद जुळतात

१२ मार्च १९५१ या दिवशी अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांत हँक केचम यांचं एक नवं व्यंगचित्र सुरू झालं. त्यातल्या खोडकर पोराचं नाव होतं 'डेनिस द मेनस'. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये 'बीनो' या मुलांच्या साप्ताहिकाचा अंक विक्रीला आला. त्यात डेव्हिड लॉ यांनी काढलेली नवी चित्रमालिका होती, तिच्यातही एक खोडकर पोरगा होता, आणि त्याचंही नाव 'डेनिस द मेनस'. मध्ये अख्खा समुद्र. चित्रं काढून, छापून, अंक दुकानात पोहोचायला जो काळ लागतो तो धरला, तर एकाने दुसऱ्याचं पाहून काढणं शक्यच नव्हतं. दोन्ही बाजूंनी हा योगायोग मानला आणि दोन्ही मालिका पुढे कित्येक दशकं चालल्या.

हे कसं झालं? केचम यांच्या लहान मुलाचं नाव खरोखरच डेनिस होतं. ब्रिटनमध्ये ते नाव सुचलं एका जुन्या गाण्याच्या ओळीवरून. पण दोघांच्या आधी एक तिसरी गोष्ट तिथे हजर होती, ती म्हणजे इंग्रजी भाषा. 'डेनिस' आणि 'मेनस' (म्हणजे उपद्रव) यांचं यमक भाषेत पडूनच होतं. खोडकर मुलाला नाव शोधणारा कुणीही त्याला अडखळला असता.

आपल्याकडेही असंच होतं. एक सेटअप, म्हणजे पंचाआधीची मांडणी, घ्या: लिफ्ट मध्येच बंद पडते. मराठीत विचार करणाऱ्याला मिनिटभरात काय सुचतं? "आयुष्यात पहिल्यांदाच वर चाललो होतो, तेवढ्यात अडकलो." किंवा त्याची काळी बाजू: "माणसं वर जातात ते ऐकलं होतं, अर्ध्यावर राहतात हे नवीनच." 'वर जाणे' या शब्दांत प्रगती आणि मरण दोन्ही आहेत. ही कोटी तुमची नाही, माझीही नाही. ती भाषेची आहे. दहा जण लिफ्टवर लिहायला बसले तर पाच जण तिच्यापाशी येणार, आणि त्यातला प्रत्येक जण उरलेल्या चौघांकडे संशयाने बघणार.

पायरी १: दोन्ही विनोद शब्दशः उतरवून काढा

आठवणीवर तुलना करू नका. रागात असताना कान दोन वेगळी वाक्यं एकसारखी ऐकतो. व्हिडिओ थांबवत थांबवत, "अं", "म्हणजे" यांच्यासकट, समोरच्याचं बिट कागदावर लिहा. शेजारी आपलं लिहा, आणि तेही जसं सादर केलंत तसं. वहीत नंतर सुधारलेलं नको.

माझं असं होतं:

"जिमची वर्षाची फी भरली आणि तीन दिवस गेले. अकरा महिन्यांनी पुन्हा दारात उभी राहिले, तर काउंटरवरचा मुलगा खुर्चीतून उठला. म्हणाला, 'एकशे सत्तेचाळीस नंबर ना? मॅडम, आमचा एसी तुमच्यावर चालतो.'"

त्याचं असं:

"जिमला नाव घातलं आणि गेलोच नाही. वर्षभराने सहज डोकावलो. रिसेप्शनवाली म्हणाली, 'तुम्हीच का दोनशे बारा? थांबा, सगळ्यांना बोलावते. हा कूलर तुमचा.'"

तुलनेसाठी तिसरा एक विनोद घेते. तो कुणाचा म्हणून सांगता येणार नाही, इतका तो सगळ्यांचा आहे: "जिमला पैसे भरले आणि गेलोच नाही. वजन कमी झालं ते फक्त पाकिटाचं."

पायरी २: विनोदाचे थर सोलून काढा

या पायरीवर घाई करू नका. निम्मा निकाल इथेच लागतो.

सगळ्यात वरचा थर विषयाचा. जिम, लग्न, बॉस, पासवर्ड, वजनकाटा. विषय कुणाच्या मालकीचा नसतो. विषय सारखा आहे म्हणून भांडायला उठणारा लेखक मला अजून कच्चा वाटतो.

दुसरा थर दृष्टिकोनाचा. स्टँडअपवाले ज्याला प्रिमाइस किंवा अँगल म्हणतात तो. "फी भरली, पण गेलो नाही" हा प्रिमाइस वरच्या तिन्ही विनोदांत आहे. जिम उघडल्या त्या दिवसापासून तो लोकांच्या आयुष्यात आहे, तेव्हा यावरूनही काही सिद्ध होत नाही. पण दृष्टिकोन खरोखर विचित्र असेल, म्हणजे विषयावरून सहज सुचणार नाही असा असेल, तर इथे पेन्सिलने एक खूण करून ठेवा.

तिसरा थर बांधणीचा. पंच कोण बोलतं? प्रसंग कुठे घडतो? प्रेक्षकाला कुठल्या बाजूला नेऊन कुठे वळवलं आहे? पाकिटाच्या विनोदात बोलणारा एकटाच आहे आणि वळण 'वजन' या शब्दावर आहे. माझ्या आणि त्याच्या विनोदात मात्र एक छोटं नाटक आहे. माणूस खूप दिवसांनी परत जातो. समोरचा कर्मचारी त्याला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतो. ओरडण्याऐवजी मान देतो. आणि त्याच्या बुडालेल्या पैशांतून जिमने थंडाव्याचं एक यंत्र घेतलेलं असतं किंवा चालवलेलं असतं.

चौथा थर शब्दांचा आणि तपशिलांचा: १४७ की २१२, एसी की कूलर.

आता खरा प्रश्न. यांतली कुठली साम्यं अपरिहार्य होती, आणि कुठली नाहक होती? 'नाहक' म्हणजे जे तसंच असायची काही गरज नव्हती, तरी तसंच आहे. न जाणाऱ्या सभासदावरच्या विनोदात पैसे वाया जाणं अपरिहार्य आहे. नंबराने ओळखणं नाही. कर्मचाऱ्याने कृतज्ञ असणं नाही. तो चिडू शकला असता, त्याने मला नवीन समजून पुन्हा फी मागितली असती, किंवा भिंतीवर 'हरवली आहे' म्हणून माझा फोटो लागला असता. थंड हवेचं यंत्र तर मुळीच अपरिहार्य नाही. ट्रेडमिल, आरसा, नवी फरशी, मालकाची गाडी, काहीही चाललं असतं. या तीन मोकळ्या फाट्यांवर दोघंही एकाच वाटेने वळले होते.

जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणारे अभ्यासक हेच करतात. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असला, तर एक दुसरीवरून उतरवली असं ते म्हणत नाहीत, कारण बरोबर पाठ दोघींनाही मुळातून मिळू शकतो. त्यांचं लक्ष असतं समान चुकांकडे. तीच विचित्र चूक दोन्हीकडे दिसली की नातं पक्कं. विनोदातही गरज नसलेला शब्द, उगाच आलेलं पात्र, थोडं फसलेलं वाक्य दोन्हीकडे सारखं असेल, तर ते उत्तम पंच सारखा असण्यापेक्षा बोलकं आहे. पंच चांगला असतो म्हणून दोघांना सापडू शकतो. फसलेलं वाक्य दोघांना स्वतंत्रपणे सापडत नाही.

आणि बदललेल्या जागांकडेही बघा. नंबर बदलला, यंत्र बदललं, मुलाच्या जागी मुलगी आली. हाडं तीच ठेवून फक्त कातडी बदललेली असेल, तर संशय वाढतो. त्या रात्री माझा संशय इथे शिगेला पोहोचला होता.

पायरी ३: सेटअप पाच जणांना द्या

विनोद लिहिणाऱ्या, पण दोन्हींपैकी एकही बिट न ऐकलेल्या चार-पाच जणांना फक्त सेटअप पाठवा आणि दहा मिनिटांत सुचतील तेवढे पंच मागा. कशासाठी ते सांगू नका. दोघा-तिघांकडून तोच पंच आला तर विषय तिथेच मिटवा, तो पंच रस्त्यावर पडलेला होता. मला पाच जणांकडून सव्वीस पंच आले. पाकिटाचा चौघांकडून आला. नंबर आणि यंत्राचा एकाकडूनही नाही.

ताज्या बातम्यांवरच्या विनोदांना ही चाचणी हवीच. फेब्रुवारी २०१५ मधली एक बातमी पाहा. अमेरिकन फुटबॉलमधला टॉम ब्रेडी म्हणाला, की सर्वोत्तम खेळाडू म्हणून मिळालेला ट्रक मी सामना जिंकून देणाऱ्याला देणार. तो अंतिम सामना ब्रेडीच्या बाजूने फिरला होता शेवटच्या क्षणी, प्रतिस्पर्धी संघाने घेतलेल्या एका निर्णयाने, आणि त्याचं खापर त्यांचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्यावर फुटलं होतं. आता पंच सांगा. "म्हणजे ट्रक पीट कॅरोलना मिळणार." बातमी आणि तिची पार्श्वभूमी माहीत असलेल्या माणसाला पंच जवळजवळ हातात दिलेला आहे.

याच विनोदासह एकूण पाच विनोदांवरून ॲलेक्स केसबर्ग या लेखकाने २०१५ मध्ये अमेरिकन विनोदकार कोनन ओब्रायन यांच्या टीव्ही कार्यक्रमाविरुद्ध दावा लावला. विनोद मी आधी लिहून प्रसिद्ध केले होते, असं त्याचं म्हणणं. आमच्या लेखकांना ते स्वतंत्रपणे सुचले, असं कार्यक्रमाचं म्हणणं. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी पाचपैकी तीन विनोदांवर खटला चालू शकतो असं ठरवलं, पण एक महत्त्वाची अट स्पष्ट केली: ताज्या घटनेवरच्या दोन ओळींच्या विनोदाला कायद्याचं संरक्षण अगदी पातळ असतं, दोन्ही विनोद जवळपास तंतोतंत सारखेच हवेत. मे २०१९ मध्ये खटला उभा राहण्याआधी तडजोड झाली. जवळजवळ चार वर्षं गेली, तीही एकेका वाक्याच्या विनोदांवर. बातमीवर लिहिणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

पायरी ४: तिसरा स्रोत शोधा

दोन विनोद सारखे असले की आपण दोनच शक्यता धरतो: त्याने माझं घेतलं, किंवा जुळलं. दोघांनीही तिसऱ्याचं घेतलं, ही शक्यता आपण विसरतो.

न्हावी विचारतो, "केस कसे कापू?" गिऱ्हाईक म्हणतं, "गप्प बसून." हा विनोद 'फिलोगेलोस' नावाच्या ग्रीक संग्रहात आहे. तो संग्रह साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला मानतात. पण त्याच्याही आधी प्लुटार्क या ग्रीक लेखकाने हेच उत्तर मॅसिडोनियाचा राजा आर्केलाओस याच्या तोंडी दिलेलं आहे. आज कुणी तो आपला म्हणून सांगितला, तर त्याने शेजारच्या कलाकाराकडून घेतला की आजोबांकडून ऐकला, हे कसं ठरवणार? इंग्रजीत तर शिळ्या विनोदाला 'जो मिलर' म्हणण्याची पद्धतच पडली होती. त्या नावाच्या नटाच्या मृत्यूनंतर १७३९ मध्ये त्याच्या नावावर एक विनोदसंग्रह निघाला आणि पुढच्या पिढ्या त्यातूनच उचलत राहिल्या.

म्हणून विनोदाचा गाभा वेगवेगळ्या शब्दांत शोधा. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. जुने फॉरवर्ड, मीम, दिवाळी अंकांतली हास्यचित्रं, काहीही सोडू नका. तिसरा स्रोत सापडला तर दोघांनीही तो विनोद खाली ठेवावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या जिमच्या बिटाला तिसरा स्रोत सापडला नाही.

पायरी ५: तारखा लावा

कोण आधी? इथे "मला नक्की आठवतंय" चालत नाही. चालतं ते असं: ओपन माइकचं (कुणालाही मंचावर विनोद करून बघता येतो अशा कार्यक्रमाचं) रेकॉर्डिंग, स्वतःला पाठवलेला ईमेल, क्लाउडवरच्या फाइलचा इतिहास, रायटर्स रूममध्ये, म्हणजे लेखक एकत्र बसून लिहितात तिथे, पाठवलेला मसुदा, कार्यक्रमाचा अपलोड केलेला व्हिडिओ. हाताने तारीख घातलेल्या वहीला वजन कमी, पण स्वतःच्या माहितीसाठी तीही उपयोगी. फाइलची 'शेवटचा बदल' तारीख पुरावा म्हणून धरू नका. फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी ती बदलते.

आणि तारीख दोन्हीकडची काढा. बहुतेक जण आपली काढतात, समोरच्याची गृहीत धरतात. मला व्हिडिओ काल मिळाला, म्हणून त्याने बिट काल लिहिलं असं होत नाही.

माझी पहिली नोंद वहीत सापडली, नोव्हेंबरातली. पहिलं सादरीकरण डिसेंबरात. मग त्याचे जुने व्हिडिओ एकेक करून पाहिले. त्याच वर्षीच्या जूनमधला एक होता. लहान खोली, वीस-बावीस प्रेक्षक, आवाज फुटलेला. सातव्या मिनिटाला जिम. दोनशे बारा नंबर. कूलर.

तो माझ्या पाच महिने आधी ते करत होता.

पायरी ६: कानावर पडायची संधी होती का?

आधी असणं पुरेसं नसतं. दुसऱ्याने ते ऐकलेलं असायला हवं, किमान ऐकायची खरी शक्यता हवी. एकाच लाइनअपमध्ये, म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या कलाकारांत, होतात का? एकाच रायटर्स रूममध्ये? दोघांना ओळखणारा तिसरा मित्र आहे का? व्हिडिओ हजारभर लोकांनी पाहिला की लाखोंनी? नुसतं "इंटरनेटवर होतं की" म्हणणं म्हणजे संधी दाखवणं नव्हे.

जूनच्या त्या कार्यक्रमाचं पोस्टर शोधलं. सहा नावं होती. चौथं त्याचं, पाचवं माझं. तो जिमचं बिट करत होता तेव्हा मी पडद्याआड, दहा फुटांवर, माझ्या सेटची, म्हणजे त्या दिवशी करायच्या विनोदांची, चिठ्ठी वाचत उभी होते. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. पण माझ्या डोक्याने ते ठेवून घेतलं होतं, आणि पाच महिन्यांनी नवा नंबर आणि नवं यंत्र लावून माझंच म्हणून मला परत दिलं होतं.

मानसशास्त्रात याला क्रिप्टोम्नेशिया म्हणतात. आठवण राहते, ती कुठून आली हे पुसलं जातं, आणि माणसाला वाटतं आत्ताच सुचलं. १९८९ मध्ये ॲलन ब्राउन आणि डाना मर्फी यांनी लोकांना गटात बसवून आळीपाळीने शब्द सुचवायला लावले, आणि नंतर आपापले शब्द आठवायला व नवे द्यायला सांगितलं. इतरांचे शब्द लोकांनी बेमालूमपणे आपले म्हणून दिले. हेलन केलर अकरा वर्षांची असताना तिने लिहिलेली गोष्ट मार्गारेट कॅन्बी यांच्या गोष्टीशी जुळली. ती गोष्ट कधीतरी आपल्याला वाचून दाखवली होती, हे तिच्या स्मरणातच नव्हतं. आणि १९७६ मध्ये गायक जॉर्ज हॅरिसन यांच्या गाण्याबद्दल अमेरिकन न्यायालयाने म्हटलं, की ही नक्कल जाणूनबुजून केलेली नसून नकळत झालेली आहे. तरीही ती नक्कलच धरली गेली.

विनोदवाल्यांना हा धोका सगळ्यात जास्त. आपण रात्रीमागून रात्र एकमेकांचे सेट अर्धवट कानाने ऐकतो. लक्ष स्वतःच्या चिठ्ठीत असतं, आणि स्रोत विसरला जायला ती अगदी अनुकूल अवस्था आहे.

पायरी ७: एकदा की वारंवार?

एक साम्य ही घटना असते. वेगवेगळ्या लोकांशी पाच-सहा साम्यं असतील, आणि प्रत्येक वेळी हाच माणूस नंतरचा असेल, तर ती सवय आहे. खऱ्या चोराची आणखी एक खूण मला पटते: त्याच्या विनोदांना एकच आवाज नसतो. एक बिट शब्दखेळाचं, दुसरं रागीट राजकीय, तिसरं घरगुती, आणि कुठल्याच बिटाच्या अलीकडचे कच्चे खर्डे कुणी पाहिलेले नसतात. ज्याचं स्वतःचं असतं, तो ओपन माइकवर त्याच विनोदासह चार वेळा पडलेला असतो, आणि ते पाहणारे लोक असतात.

पायरी ८: बोला, पण आधी त्याच्याशीच

हे सगळं करूनही संशय उरला तर पहिला निरोप खाजगी हवा. साधारण असा:

"नमस्कार. तुमचं जिमचं बिट पाहिलं. माझं एक बिट त्याच्याशी फार जुळतं. माझं मी डिसेंबरपासून करते, रेकॉर्डिंग सोबत पाठवते आहे. तुमचं साधारण कधीपासूनचं आहे? एकदा बोलूया का?"

'चोरी', 'ढापलं', 'कॉपी' यातला एकही शब्द नको. "कधीपासूनचं?" हा प्रश्न कळीचा आहे. प्रामाणिक माणूस त्यावर तारीख शोधायला लागतो. अप्रामाणिक माणूस बहुधा विषय बदलतो, नाहीतर "सगळेच सगळ्यांचं घेतात" असं काहीतरी ऐकवतो.

चारचौघांत आरोप करायचा असेल तर त्याची किंमतही मोजायची तयारी ठेवा. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअरमध्ये विनोदी कलाकार जो रोगन यांनी दुसरे कलाकार कार्लोस मेन्सिया यांच्यावर मंचावरच चोरीचा आरोप केला. त्याचा व्हिडिओ जगभर गेला, मेन्सिया यांच्या नावाला तो कायमचा चिकटला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं रोगन यांनीही त्या मंचावर पाय ठेवला नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे तत्त्व जवळपास सगळीकडे आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट केलं. प्रांतवादावरचं एक नाटक आणि त्याच विषयावरचा एक चित्रपट यांच्यात विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून नक्कल नाही, असा निकाल लागला. विनोदाचा जीव बहुतेकदा कल्पनेतच असतो, आणि शब्द तर कुणीही बदलतो. म्हणून खरा न्याय बिरादरीत होतो. डोटन ओलियार आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००८ मध्ये अमेरिकन स्टँडअप कलाकारांच्या मुलाखती घेऊन हे अलिखित नियम मांडले. चोरणाऱ्याशी इतर कलाकार बोलत नाहीत, त्याच्यासोबत एका कार्यक्रमात उभे राहत नाहीत. दोघांना सारखंच सुचलं, तर ज्याने लोकांसमोर आधी केलं त्याचा हक्क. आणि गप्पांत एकाने प्रिमाइस दिला, दुसऱ्याने पंच, तर विनोद प्रिमाइसवाल्याचा. हे नियम कायद्यापेक्षा कडक आहेत, आणि मला ते योग्य वाटतात.

आरोप तुमच्यावर आला तर

लगेच नाकारू नका, लगेच माफीही मागू नका. "मला दोन दिवस द्या, माझ्या नोंदी पाहते" एवढंच म्हणा, आणि मग खरंच पाहा. वरच्या सगळ्या पायऱ्या स्वतःवर चालवा. तोपर्यंत ते बिट मंचावर नेऊ नका. स्वतंत्रपणे सुचलं असेल तर कच्चे खर्डे दाखवा. तयार विनोदापेक्षा आधीचे तीन वाईट प्रयत्न जास्त पटतात, कारण चोरीच्या मालाला बालपण नसतं.

रोजच्या सवयी

एक, प्रत्येक नवी ओळ सुचली तशी, तारखेसकट, मोबाइलवर बोलून ठेवा. सुचली तेव्हा काय पाहत होतात, कुठून येत होतात, तेही एका वाक्यात. पुढे स्रोत शोधताना हेच वाक्य कामी येतं.

दोन, पहिले तीन पंच टाकून द्या. जे पहिल्या मिनिटात आलं ते इतरांनाही पहिल्या मिनिटात येतं. चौथ्या-पाचव्यापासून तुमचं स्वतःचं सुरू होतं. पाकिटाच्या पंचावर थांबणारा आयुष्यभर कुणाशी तरी जुळत राहील.

तीन, एखादी ओळ फारच सहज, आयती, गुळगुळीत उतरली तर तिच्यावर सगळ्यात जास्त संशय घ्या. दोन मित्रांना ऐकवा आणि विचारा, "हे कुठे ऐकलंय का?" "कसं वाटलं?" हे नंतर विचारा.

चार, आपला सेट नसेल तेव्हा इतरांचा पूर्ण लक्ष देऊन ऐका, किंवा बाहेर जाऊन उभे राहा. अर्धवट ऐकणं सोडा. ही सवय मी त्या जूनच्या पोस्टरनंतर लावून घेतली.

पाचव्या दिवशी मी त्या कलाकाराला फोन केला. सगळं सांगितलं: डिसेंबरपासून मी किती वेळा ते केलं, कुठे केलं, आणि कुठल्या व्हिडिओत ते आहे. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुमचं एसीचं वाक्य माझ्यापेक्षा बरं आहे." मी व्हिडिओतून तो भाग काढला आणि मैत्रिणीला कळवलं, की बिट त्याचं आहे. वहीतलं ते पान मी फाडलं नाही. वर लाल शाईने त्याचं नाव आणि जूनची तारीख लिहिली आहे, आणि खालच्या रिकाम्या जागेत वजनकाट्यावरच्या बिटाचा चौथा खर्डा चालू आहे.